तंबूचं वजन

मे महिन्याचा तिसरा आठवडा. लष्करात सेहेचाळीस.
कूलरच्या खसावर पाणी मारून
आम्ही दोघी फरशीवर डोंगर पसरतो.
दारचाच्या कोपऱ्यावर वरवंटा,
दुसऱ्यावर अडकित्ता, तिसऱ्यावर कुंदाचा चष्मा.
चौथ्यावर ठेवायला काही उरत नाही,
म्हणून लू आत आली की
लामायुरू उडू बघतं.

दारचा, शिंगो-ला, पुरने, पदुम, लिंगशेड.
कुंदा मोघे ही नावं म्हणते
तिच्या शाळेतली पोरं पावकी म्हणायची तशी,
चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.
वीस दिवस चालायचं, एक दिवस नुसतं बसायचं.
हा बसायचा दिवस तिनं भांडून मिळवला.
नदी पहाटेच ओलांडायची,
दुपारी बर्फ वितळून पाणी मांडीपर्यंत चढतं,
असं एक खेचरवाला फोनवर म्हणाला.
नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या आम्ही
वहीत गंभीरपणे लिहिलं:
पाणी फार, सावध.

दौलतगंजात गोपालदासच्या काट्यावर
दुपारी गिऱ्हाईक नसताना
सगळं एकेक करून चढवलं.
सत्तू दोन किलो. गूळपापडी. मेतकूट पाव किलो,
ह्यावर वाद नाही.
टूथब्रशची दांडी मी सुरीनं कापली,
कुंदानं टॉवेल फाडला मधोमध.
गोपालदास म्हणाला, "बहनजी, भाग रही हो क्या घर से?"
कुंदा म्हणाली, "हाँ. धीरे-धीरे."

रोज पहाटे पाठीवर दहा किलो कणीक घेऊन
उरवाईचा चढ.
कड्यातल्या त्या उंच उघड्या मूर्तींपाशी पोचलो
की ती थांबायची,
म्हणायची, ह्यांना बघ, काही सामानच नाही.
मी समजले, विनोद करते आहे.
तिला दम लागत होता.

जयारोग्यमध्ये पट्टी मीच काढली.
कागदावर मला शिखरं दिसली
असं काही मी म्हणणार नाही.
सव्वीस वर्षं असे कागद फाडते आहे,
त्यावर हृदयच असतं.
डॉक्टरांनी बघायच्या आधी मी बघितलं
आणि तिनं माझ्याकडे.
"किती उंचीपर्यंत चालेल?" तिनं विचारलं.
मी म्हणाले, "मूर्तींपर्यंत."

त्या रात्री गच्चीवर वही पुन्हा उघडली.
मेतकूट अर्धं झालं. सत्तू अर्धा झाला.
औषधांची डबी, मोजे, बिस्किटं,
सगळ्यांना दोननं भाग गेला.
तंबूला गेला नाही.
कापड तिच्याकडे असणार होतं, काठ्या माझ्याकडे,
स्टोव्ह मी, गॅसची डबी ती.
मी आकडे खोडले, परत मांडले,
शेजारच्या गच्चीवर कोणी गादीवर पाणी शिंपडत होतं.
मीही नाही जात, असं
मनात दोनदा म्हणून बघितलं.

सकाळी ती आली.
काखेत तिच्या वाट्याचं कापड, सुतळीनं बांधलेलं.
"एक किलो चारशे होतं," म्हणाली,
"त्याची पिशवी काढून टाकली, लेबलं उसवली,
आता तीनशे साठ.
एवढं तर उचलशील?"

मग कनवटीची पुरचुंडी सोडली.
एकवीस चिंचोके.
"रोज संध्याकाळी सातला एक मांडणार नकाशावर.
तू जिथं असायला हवीस तिथं.
तिथं नसलीस तर माझ्याशी गाठ आहे.
आणि बसायचा दिवस खाऊ नकोस हं,
तो माझा आहे.
त्या दिवशी मीही इथं काही करणार नाही,
स्वयंपाकसुद्धा नाही."

मला बोलायचं होतं.
पण तेवढ्यात कूलर बंद पडला, वीज गेली,
खिडकीतून लू शिरली.
कुंदानं वरवंटा उचलला
आणि लामायुरूवर ठेवला.

आता दारचा फडफडतं.