माईक टेस्टिंग

बोलण्यापूर्वी मी माईक तपासतो.
हॅलो, एक दोन, एक दोन,
मग हात वर करून लांबच्या पोराला विचारतो, आयकू येता रे?
वायर दातांनी सोलतो, जॅक शर्टाला पुसतो,
शिट्टी मारली तर बॉक्स दोन हात मागे ओढतो.
पंचवीस वर्षं डिचोलीत हाच धंदा,
लग्नं, नाटकं, फुटबॉल, पालिकेच्या निवडणुका.
तपासल्याशिवाय एक शब्द लोकांवर सोडला नाही.

त्या वैशाखात शिरगावची जत्रा झाली नाही.
धोंड आपापल्या घरी, वेताच्या काठ्या कोपऱ्यात.
माझे बॉक्स ताडपत्रीखाली, त्यांत उंदरांची पिल्लं.
आणि मंत्र्यांच्या ऑफिसातून फोन:
आरोग्य केंद्रासमोर एक माईक, दोन बॉक्स,
वर घोषणेला रिक्षा, पाच दिवस.
खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

मंत्री मास्क हनुवटीवर ओढून बोलले.
हातात पांढऱ्या गोळ्यांचं पाकीट, कॅमेऱ्यांकडे वळवलेलं.
"घरातल्या प्रत्येकाने घ्या. पाच दिवस. मीही घेतो.
घेतली तर बिघडत काहीच नाही."
मागे डॉ. पर्वतकर उभ्या होत्या,
रात्रपाळीचे डोळे, हातमोज्यांतली पावडर मनगटावर.
कोणीतरी म्हणालं, मॅडम, तुम्ही सांगा.
त्या माईकपर्यंत आल्या.
"याला अजून पुरावा..."
पीएने माझ्याकडे बघून एक बोट खाली केलं.
मी स्विच खाली केला.
इतकंच केलं मी.

मये, नार्वे, सर्वण, लाटंबार्से,
ओस रस्त्यांवरून मंत्र्यांचा आवाज मी हिंडवला.
खिडक्या उघडत. कोणी हात जोडत.
पोदेराच्या पोंग्यानंतर त्या दिवसांत
गावात शिरणारा तेवढा एकच आवाज.

बोर्ड्याच्या चढावर सगुण मांद्रेकर,
बार्जवरचा जुना खलाशी,
बोटाला चिमटा लावून पलंगावर बसलेला.
चिमट्यात शहाऐंशी.
मुलगी प्रणिता म्हणत होती, बाबा, निघूया.
तो म्हणाला, आज तिसराच दिवस,
मंत्र्यांनी पाच सांगितलेत.
चौथ्या दिवशी ॲम्ब्युलन्स म्हापशापर्यंतही पोचली नाही.

गोळीने मारलं असं मी म्हणत नाही.
मला काय कळतं, मी डॉक्टर नव्हे.
मंत्रीही नव्हते.
पण ते दोन दिवस सगुणला थांबवून कोणी धरलं
हे मला कळतं. त्याच्या दारावरून
माझीच रिक्षा गेली होती, सकाळी आणि संध्याकाळी.

दोन वर्षांनी बाजाराच्या शेडचं उद्घाटन.
तेच मंत्री, तोच माईक.
एका पोराने गोळ्यांचं विचारलं.
"त्या वेळी सगळेच घाबरले होते," मंत्री हसून म्हणाले,
"मी लोकांना धीर दिला."

दिला, हे खरं.
त्या रात्री माझी बायको महिन्याने झोपली,
उशीखाली पाकीट ठेवून. मीही गिळल्या पाच.
आम्हाला खात्री हवी होती हो,
आणि ती त्यांच्या खिशात नव्हती.
रिकामा खिसा उलटा करून दाखवायचा होता:
अजून माहीत नाही. कळलं की इथेच,
याच माईकवर येऊन सांगेन.
तोवर दम लागला तर कोणाची वाट बघू नका,
माझीसुद्धा.
एवढं मावलं असतं एका घोषणेत.
रिक्षाची बॅटरीही कमी गेली असती.

भाडं वेळेवर आलं, पावतीसकट.
पेनड्राइव्ह कपाटात आहे, पुसला नाही.
कधी दुपारी दुकान अर्धं ओढून
हेडफोन लावतो, तेवढी जागा काढतो.
"याला अजून पुरावा",
मग टक् असा बारीक आवाज.
तो मंत्र्यांचा नाही.