दुसरी खूण

ब्रह्मपुत्रेचा रंग बदलला
की चिलमारीच्या त्या वाळूच्या बेटावर
मोर्जिना बोलणं कमी करते.
मातीची हलती चूल खाटेवर,
खाटेखाली आणखी चार विटा.
काडेपेटी बाटलीत, बुचाला मेण.
भोपळ्याचं बी राखेत घोळून डब्यात.
जमिनीचा कागद प्लास्टिकमध्ये, आढ्याला –
जमीन गेल्या सालीच नदीत गेली,
कागद तेवढा कोरडा आहे.

ढाक्याहून नवऱ्याचा फोन :
"बांधावर कधी निघणार?"
"अंगणातली काठी तिसऱ्या खुणेला बुडाली की."
"दुसऱ्या," तो म्हणतो.
या वेळी ती वाद घालत नाही.

शेवटी तुहिनच्या कमरेला घुंगरू.
दीड वर्षाचं पोर, उंबऱ्याशी पाणी.
ती पाठमोरी भात रांधते
त्याला कानांनी धरून.
छन्. छन् छन्.

मग काहीच नाही.

डाव हातातून गळतो –

झोपलाय. शेळीच्या पोटाला टेकून.
ती शेळीला हलकेच ढोसते,
शेळी हलते,
घुंगरू वाजतं.

भात अजून कच्चा आहे.
काठीकडे बघते,
आणि तसाच डब्यात भरते.