लूप एकशे बारा

ओशिवऱ्यात, फर्निचरच्या गोदामाखाली आमचं तळघर.
चारी भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा करडा स्पंज.
इथे टाळी वाजवली
तर ती हातातच मरते.

आज ग्रीकांचं काम. मराठी आवृत्ती, बारा भाग.
सकाळी झ्यूस येऊन गेला,
गोरेगावच्या सहकारी बँकेतला, अर्धी रजा टाकून.
तीन तास आभाळ फाडलं,
मग घसा खाकरत व्हाउचरवर सही केली
आणि टीडीएस किती कापणार ते दोनदा विचारलं.
हायड्राच्या नऊ डोक्यांना दोघेजण पुरले.

दुपारी पाठारेबाई.
पिशवीत ज्येष्ठमध, थर्मासात गरम पाणी.
तीस वर्षांत यांनी चेटकिणी केल्या,
साबणाच्या जाहिरातीतल्या सुना केल्या,
एकदा तर बोलणारी बस.
"आज कोण रे मी, सायमन?"
"मेड्युसा."
"ती टी-शर्टवरची?"

तीच. लिंकिंग रोडला अडीचशेला मिळते, सोनेरी,
घासाघीस केली तर दीडशेला.
भाचीच्या मोबाइलमध्ये तिला मारलं
की चाळीस नाणी आणि एक ढाल.
मालाडला एका टॉवरचं नाव पेगॅसस आहे,
तो घोडा हिच्याच चिरलेल्या मानेतून उडाला
हे तिथल्या वॉचमनला ठाऊक नसेल.
मलाही परवापर्यंत नव्हतं.
संवादांच्या कागदावर तळटीप होती.

आमच्या मध्ये दुपदरी काच.
लाल दिवा लागला की काचेत मलाच मी दिसतो
आणि बाई माझ्या चेहऱ्याच्या आत उभ्या.
तो वीरही म्हणे असाच आला होता,
ढालीत बघत बघत, पाठमोरा.

ओठ मिटतात तिथे प, ब, भ, म.
एवढा एकच धर्म आम्ही पाळतो.
अर्थ मागून येतो, जागा उरली तर.

लूप एकशे बारा. तलवार वर.
कागदावर लिहिलंय: "मरशील! तूही मरशील!"
पडद्यावर तिचे ओठ एकदाच मिटतात
आणि मग तोंड उघडं राहतं, खूप वेळ.
टेक एक, लांबला.
टेक दोन, दिग्दर्शक फोनच्या पडद्यावरून म्हणाला,
"थोडा सापांचा फील द्या, बाई."
टेक तीनमध्ये साप आले. बाकी काही बसलं नाही.

बाईंनी चष्मा काढून कागद पालथा घातला.
"त्या देवळात हिचं काय झालं
ते कुठल्या भागात आहे?"
मी यादी वरून खाली पाहिली.
नव्हतं. देव सुटला होता समुद्रात,
शिक्षा हिला, आणि तीही देवीनेच दिलेली,
हे सगळं त्या तळटिपेत, बारीक टायपात.
"हं," बाई म्हणाल्या,
"आपल्याकडे बाईचाच दगड होतो.
हिने निदान बघणाऱ्यांचा केला."
आणि घोटभर पाणी प्यायल्या.

टेक चार.
ओठ मिटले, उघडले.
"मला..."

पुढे शब्द नाही. नुसता श्वास,
माझ्या पडद्यावर हिरवी रेघ थरथरत
बारीक होत गेली, तरी संपेना.
स्पंजाने तेवढा एक आवाज
प्यायला नाही, असं मला वाटलं.
यंत्रात तसं काही दिसत नव्हतं.

"कागदावर हे नाहीये," फोन म्हणाला.
मग थांबून, "सिंक आहे ना? जाऊ दे. पुढचं घ्या."
पुढचं म्हणजे तीन किंकाळ्या आणि एक खोकला.
बाईंनी तेही केलं, सही केली,
रिक्षावाल्याशी चारबंगल्यापर्यंतच्या भाड्यावरून भांडल्या
त्याच आवाजात.

महिन्याभराने भाची बघत होती, पालथी पडून, चिवडा खात.
"मामा, ही मरताना काहीतरी मागत होती.
काय मागत होती?"
मी सांगायला तोंड उघडलं.
नावं यायच्या आधीच पुढचा भाग
आपोआप सुरू झाला.