मानस

चोडणचे फटू शिरोडकर पहिल्या फेरीबोटीने निघाले,
बांबोळीला पोचले साडेनऊला.
शर्टाची बटणं स्वतःच काढली.
छातीवर जेल लावलं तर म्हणाले,
थंड आहे गो, कोपरभर खोल चिखलासारखं.

कागद सरकू लागला.
अठरा वर्षं मी हा कागद वाचते.
उंच टोकाआधी एक छोटा उंचवटा असतो,
दारावर टकटक करून आत येणाऱ्या माणसासारखा.
तो कुठेच नव्हता.
त्या जागी नुसती थरथर,
मिठागराच्या पाण्यावर दुपारी वारा धरतो तशी.
आणि टोकं? दोन लागोपाठ,
मग थांबणं,
मग एक. मग तीन.

काय लिहिलंय?
डॉक्टर सांगतील, मी म्हटलं, नियमाप्रमाणे.
ते हसले. चाळीस वर्षं खाजनाच्या बांधावर
मानशीची दारं उघडली-लावली त्यांनी,
भरतीला बंद, ओहोटीला उघडं.
पाणी काय करतंय तेवढं सांग, म्हणाले,
पाण्याचं मला कळतं.

मग सांगितलं.
वरच्या उजव्या कप्प्यात एक ठिणगी राहते,
मिनिटाला साठ-सत्तर वेळा उठते.
तिची लाट भिंतीभिंतीने जाते आणि विझते.
विझायलाच हवी.
लाट गेली की मागचं मांस क्षणभर बहिरं होतं,
हाक मारली तरी ओ देत नाही,
म्हणून तीच लाट उलटून येत नाही.
तुमच्या डाव्या कप्प्यात, फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी
कोणीतरी अवेळी हाका मारतंय.

कुर्ली, फटू म्हणाले. बांधाला बीळ पाडते.

हो. पण बीळ ही सुरुवात.
कप्पा ताणून रुंद झालाय,
भिंतीत चिवट धागे उगवलेत,
लाट त्यांच्यावर आपटून फुटते,
एक तुकडा वळसा घेतो,
आणि परततो तोवर
मागची जागा शुद्धीवर आलेली असते.
ती ओ देते.
तो पुन्हा फिरतो. असे पाच, सहा, कितीतरी,
एकमेकांना धडकत, एकमेकांतून जन्मत.
आणि फिरून फिरून बहिरेपण आखूड होतं,
तेवढ्याच जागेत आणखी भोवरे मावतात.
आता हाका थांबल्या तरी
ते आपले आपण चालू राहू शकतात.

फटू बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
आमचा बांध फुटला होता एकदा, म्हणाले,
ऐन अमावास्येला.
भगदाड आठ दिवसांत बुजवलं.
खारटपण तीन पावसाळे राहिलं.
भात लावायचो, पिवळं पडायचं.

मी पट्ट्या सोडवत होते.
वरच्या-खालच्या कप्प्यांच्या मध्ये, मी म्हटलं,
तुमच्यासारखी एक मानस आहे.
वरून मिनिटाला चारशे थडकतात,
ती शंभर-सव्वाशेच सोडते.
कधी कोणती, कुणालाच सांगता येत नाही.

ते उठून बसले.
म्हणजे दार शाबूत आहे?
शाबूत आहे.
दमलंय फक्त?
दमलंय.

पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला,
नात्यातल्या कुणाची खुशाली कळावी तसा.
आमची आता लिलावात जाते, म्हणाले,
घेणारा मासळीसाठी रात्रभर उघडी ठेवतो,
शेतात पाणी उभं.
उभं पाणी वाईट.

कप्प्याला एक खिसा असतो, रक्त तिथे उभं राहतं, साकळतं,
गाठ सुटून डोक्याकडे जाऊ शकते:
हे मात्र मी बोलले नाही.
ते डॉक्टर सांगतील. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या देतील.

कागद फाडून घडी केली, नाव लिहिलं, वय बहात्तर.
फटू शर्ट घालत होते, मनगटावर तीन बोटं ठेवून,
ओठ हलवत,
मोजत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून.
बटणं एक घर सोडून लागली होती.
मी सांगणार होते.
दीडची फेरी मिळेल का, त्यांनी विचारलं,
ओहोटी आहे.