अर्थ लागेना

शंभर फुटी रोडला, टायरवाल्याच्या मागं,
पत्र्याच्या शेडमध्ये भूपाल चौगुल्यांची जीप,
सत्तरच्या आसपासची.
बॉनेट काढलेलं, सीटा काढलेल्या,
फ्लोअरच्या खाचेत अजून हळदीची पूड.
मार्केट यार्डाच्या फेऱ्या सुटल्या, पूड राहिली.

डिझेल इंजिन भंगारात गेलं.
त्या जागी जिप्सीचं, इंजेक्शनवालं,
एकोणीसच्या पुरात गळ्यापर्यंत बुडालेल्या गाडीतलं.
इंजिन बसवणं सोपं, म्हणाला वेल्डर:
दोन माउंटिंग, एक चहा.

जीपच्या मूळ वायरी नऊ.
मोजल्या मी. सगळ्या काळ्या, कापडी वेष्टणाच्या,
उंदरांनी चव घेऊन सोडलेल्या.
हॉर्न, दिवे, डायनामो, स्टार्टर
आणि एक, जी कुठंच जात नव्हती.

इंजेक्शनच्या वायरी त्र्याहत्तर.

पोत्यावर तो सगळा गुंता पसरून
दिलावर मिस्त्री स्टुलावर बसले. म्हणाले, "वाच."
मी आकृतीचा कागद उघडला.
"कागद नको. रंग वाच."

काळ्यावर पिवळी रेघ.
गुलाबी.
पांढऱ्यावर निळी.
ही हिरवी, आणि ही
"ही पण तीच की."
नव्हती. ही तांबडी होती.

चाळीस वर्षं या माणसानं
सांगली-मिरजेच्या गाड्यांत उजेड पाडला
आणि तांबडं, हिरवं त्याला
एकाच मातीचं दिसत होतं.
काळ्या वायरींच्या राज्यात कुणाला कळणार?
जागा पाठ, बोटं पाठ.

मी काही बोलले नाही.
त्यांनी बिडी पेटवली, उलट्या टोकानं.

दुसऱ्या दिवसापासून रंगांना मी नावं दिली,
आईच्या साड्यांच्या ट्रंकेतली:
थ्रॉटलची आमसुली, ऑक्सिजनची मोरपंखी,
पंपाच्या रिलेची ती चिंतामणी.
नावं माझ्या वहीत.
वायरींवर मात्र चिकटपट्टीचे गंडे,
एक गंडा, दोन गंडे, पाच,
अंधारातही बोटाला लागतील असे.
त्यांनी एकदा सगळे चाचपले
आणि चहा सांगितला. माझ्यासाठी मोठा कप.

कनेक्टरच्या पिनांत गाळ वाळून बसलेला,
टूथब्रशनं काढला.
कृष्णा, चमचाभर.

तेराव्या दिवशी किल्ली फिरवली.
पंप दोन सेकंद गुणगुणून थांबला, ते बरोबर.
स्टार्टर फिरला. फिरतच राहिला.
आम्ही कोण, कुठले,
इंजिनाला ओळखच पटेना.

मीटर म्हणतो बारा व्होल्ट.
इकडं टोक लाव, बारा. तिकडं लाव, बारा.
किल्ली फिरवली की सहा.
चौगुले तंबाखू मळत म्हणाले, "डिझेलच बरं हुतं."

"अर्थ लागेना," मिस्त्री म्हणाले.
मला वाटलं दमले,
वयानुसार बोलताहेत माणसं बोलतात तसं.
मग कळलं, वायरीबद्दल बोलताहेत.

ते खाली वाकले.
म्हैस घेताना पाठीवरून हात फिरवतात
तसा चॅसीवरून तळवा नेत गेले, डोळे मिटून.
बॅटरीखालच्या बोल्टपाशी थांबले.
"कुणी रंग दिला ह्यो?"

चौगुल्यांनीच. हौसेनं.
तीन हात, काळाभोर, तोंड दिसेल असा.
बोल्ट त्याच्यावरच आवळलेला,
अर्थाची वायर रंगावर बसलेली,
लोखंडाला तिचा स्पर्शच नाही.

पॉलिश पेपर घेतला. चौगुल्यांनी मान फिरवली.
रुपयाएवढं लोखंड उघडं पडेपर्यंत घासलं.
त्याला कुठलाच रंग नव्हता;
मला नाही, मिस्त्रींनाही नाही.

"मार."

एक शिंक, दुसरी,
आणि मग चारही सिलिंडर एका सुरात.
फ्लोअर थरथरलं, खाचेतली हळद
वर्षांनंतर जागेवरून हलली.
चौगुले हात जोडून उभे, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नसावं.

डॅशवर एक दिवा पेटलेलाच राहिला.
मिस्त्रींनी खिडकीतून डोकं घातलं.
"कंचा हाय गं?"
"पिवळा."
"मग ऱ्हाऊ दे. तांबडा झाला तर सांग."