फेरमोजणी

संध्याकाळी सात वाजता, अग्निशमनाच्या बंबामागे,
मी यंत्राची किल्ली फिरवली
आणि त्यानं जीभ बाहेर काढली:
पांढरी, गुळगुळीत, हातभर लांब.
पाणीपुरवठा मंडळ, एक जागा.
रॉस्को म्युलिन्स, दोनशे चौदा.
डेलमर स्टॅपलटन, शून्य.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
शून्यच.

डेलमर दुसऱ्या दिवशी आला, टोपी हातात.
सगळ्या खोऱ्यात मिळून तो नऊ मतांनी पडला होता.
ओरडला नाही. एवढंच म्हणाला,
"अगं, मी मला मत दिलं होतं.
निदान मी तरी."

मग केंडल आला, कंपनीचा माणूस.
यंत्रं त्यानंच विकलेली,
विकत घेणाऱ्या कागदावर सही त्याच्या सासूची.
झाकण उघडून त्यानं आत टॉर्च मारला,
दोन तास यंत्राशी एकांतात बसला
आणि कंपनीच्या कागदावर लिहून दिलं:
कंपनीचं यंत्र ठणठणीत.
आत काय लिहिलंय ते दाखवता येत नाही, म्हणाला,
ते व्यापारी गुपित.
म्हणजे आमचं मत गुप्त, कायद्यानं;
आणि त्याचं पुढे काय झालं तेही गुप्त, करारानं.

फेरमोजणी झाली.
म्हणजे मी तेच बटण पुन्हा दाबलं.
पुन्हा तीच जीभ, तेच आकडे.
खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना
निदान एखादा शब्द चुकतो.

डेलमर कोर्टात गेला नाही.
वकिलाचा एक तास
त्याच्या विहिरीच्या पंपाहून महाग.
तो घरी गेला आणि बायकोकडे पाहत राहिला.
एक्कावन्न वर्षांचा संसार.
आर्डिथ म्हणाली, मी तुलाच दिलं.
तो म्हणाला, हो, ठाऊक आहे मला.
पण रात्री पाणी प्यायला उठला की
दिव्याखाली स्वतःचं बोट निरखतो म्हणे,
उजव्या हाताची तर्जनी, थोडी थरथरते अलीकडे.
पडद्यावर ती नेमकी कुठे टेकली होती?
यंत्र निर्दोष सुटलं.
संशयित म्हणून उरली ती दोघं.

आता माझं सांगते.
रॉस्को माझा धाकटा भाऊ.
तो जिंकला त्या रात्रीचा केक मी भाजलेला.
आणि त्याच दिवशी सकाळी, पुठ्ठ्याच्या आडोशामागे,
मी डेलमरच्या नावावर बोट ठेवलं होतं.
वरच्या वस्तीत नळाला चहासारखं पाणी येतं.
डेलमर ते बरणीत भरून बैठकीला आणायचा,
टेबलावर ठेवायचा, काही न बोलता.
रॉस्को घड्याळ बघायचा.

म्हणजे तीन. निदान तीन.

चर्चच्या जेवणात मी केंडलवर तावातावानं बोलते.
खाल्ल्या घरचे वासे तो कशाला मोजेल, म्हणते,
आणि सगळ्या माना डोलतात.
समोर रॉस्को मक्याच्या पावाला लोणी लावत असतो.
त्याच्या घराचं कर्ज फिटलं त्याच्या पगारातून,
माझ्या छपराची कौलंही.
मी ते वासे मोजत नाही.

काल दुकानात आर्डिथ भेटली, बटाटे जोखत होती.
तिथल्या तराजूवर सरकारी निरीक्षकाची चकती आहे, तारखेसह.
तो माणूस तराजू विकत नाही. बटाटेही नाही.
काटा स्थिर व्हायची वाट बघत ती म्हणाली,
"तू होतीस ना तिथे. तुला काय वाटतं?"
मी म्हणाले, यंदा बटाटा बारीक आहे.

घरी येऊन ड्रॉवर उघडला.
ती पट्टी मी ठेवून घेतलीय, नियम मोडून.
त्या कागदावर शाई नसतेच, नुसती उष्णतेची छाप.
दोनशे चौदा पुसट झालेत.
शून्य तर पार गेलं.
डेलमरच्या नावापुढे आता कोरी जागा आहे
एका आकड्यापुरती.

पेन समोरच होतं.
पण आकडा लिहिला की
खाली सहीही करावी लागते.