माणशी एक उशी

चर्चच्या तळघरात भिंतीला यादी लावलेली असते :
माणशी एक ताट, माणशी एक चमचा,
माणशी एक उशी.
घरटी एक घड्याळ, गजराचं.
लॉरेटाबाई चष्मा कपाळावर सरकवून
एकेका वस्तूपुढे पेन्सिलीने खूण करतात
आणि मी व्हॅन काढतो.

त्यांच्या प्रार्थना मला येत नाहीत.
निघण्याआधी त्या डोळे मिटतात,
तेव्हा मी काचेवरचा बर्फ खरवडत राहतो.
सोफ्याचं वजन मात्र दोघांनाही सारखंच कळतं,
जिन्याच्या वळणावर, जिथे तो अडतोच,
आणि सत्तरीतल्या बाई, नको नको म्हटलं तरी,
खालची बाजू धरतात.

त्या दिवशी ईरी सरोवरावरून वारा सुटला होता.
तीन खोल्या लावल्या :
एकीत आईबाप, एकीत मुली, एकीत मुलगे.
बाईंनी चादरींचे कोपरे पाकिटासारखे दुमडले.
फ्रीजमध्ये भात, कोंबडी, बेताचं तिखट.
विमान रात्री साडेअकराला आलं.
सात जण, कागदपत्रांची पांढरी पिशवी
बापाने छातीशी धरलेली.

सकाळी दूध घेऊन गेलो.
फुराहाने दार उघडलं, अर्धंच;
पूर्ण उघडायला जागाच नव्हती.
हीटरपासून उंबऱ्यापर्यंत सगळ्या गाद्या ओढून
एकच अंथरूण केलेलं,
मुलं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेली.
आतल्या खोल्यांत नुसतेच दिवे जळत होते.

लॉरेटाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी हळूच म्हणालो,
छावणीत आमची आठ जणांची एक झोपडी होती.
इथे आल्यावर आई वर्षभर
वेगळ्या खोलीत झोपलीच नाही.
तुम्ही तेव्हा विचारलं होतंत,
"धनपती, पलंग मोडलाय का?"

त्यांना आठवलं नाही.
फार घरं लावलीत त्यांनी.

बूट काढून, गाद्यांच्या काठाकाठाने
त्या फ्रीजपर्यंत गेल्या.
दुधाला जागा करताना हाताला लागलं
गजराचं घड्याळ,
भाताच्या डब्यामागे ढकललेलं.
बाहेर काढलं, क्षणभर कानाशी धरलं,
मग होतं तिथेच ठेवून
दार अलगद लावलं.

खाली व्हॅनमध्ये यादी मांडीवर,
पेन्सिल शेवटून दुसऱ्या ओळीवर टेकलेली,
बराच वेळ.
त्यांचे डोळे मिटलेले होते.
मी किल्ली फिरवली नाही.
खरवडायचं पातं हातात घेऊन
तसाच बसून राहिलो.